गोधडीखालचा दिवा

पिंपळे गुरवमध्ये आमची एकच खोली आहे. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही त्याच खोलीत आहे. मातीशिवाय, टबमधल्या नुसत्या पाण्यात, दिव्याच्या उजेडावर लेट्यूस, म्हणजे सॅलडची पानं, वाढवायची. कॉलेजमध्ये जागा नव्हती. सर म्हणाले, "घरी कर, पण प्रॅक्टिकलला जिवंत रोपं आण. मेलेल्या रोपांना मार्क कसे देऊ?" आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. हे वर्ष गेलं तर आणखी एक वर्ष मागायची हिंमत माझ्यात नाही.

आमची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उघडते. म्हणून एलईडीचा दिवा आणला. रात्री सगळे झोपल्यावर तो जळता ठेवायचा नाही असं घरमालकाने बजावलंय, म्हणून दिवसाच लावायचा. त्याचा उजेड लाल आणि निळा मिळून जांभळा पडतो. पहिल्या दिवशी पप्पा म्हणाले, "काय गं, घरात ऑर्केस्ट्रा बार काढलास का?" आम्ही सगळे हसलो. तेव्हा त्यांची फर्स्ट शिफ्ट होती.

मग नाइट लागली. चाकणच्या कंपनीत ते पत्रा दाबायच्या प्रेसवर आहेत; तिथे जरा डुलकी लागली की बोटं जातात. सकाळी येतात, जेवतात आणि दिवसा झोपतात. त्या वेळी आमच्याकडे भांडंही वाजत नाही. तिकडे माणसं कमी होती, त्यामुळे नाइट संपेना. इकडे रोपं पांढुरकी, लांबुडकी होऊन मान टाकायला लागली. मी दिवा खाली घेतला, पाण्यातलं खत बदललं. मला वाटलं, मलाच हे जमत नाहीये. एक दिवस लेक्चर झालं नाही म्हणून दुपारीच घरी आले, तर दिवा बंद.

"आई, हा बंद का?"

"हळू बोल. आताच डोळा लागलाय त्यांचा. तू यायच्या आधी लावते की मी रोज."

"रोज?"

"मग काय करू? त्या उजेडात झोपतील का ते?"

मी तिला बाहेर जिन्यात नेलं. रोपांना तोच सूर्य आहे, काही झालं तरी बंद करायचा नाही, असं सांगितलं. जरा जोरातच बोलले असेन.

"कशाला ओरडायलीस? नाही करत बंद."

तिने शब्द पाळला. पप्पा झोपले की ती गावाकडची जाड गोधडी दिव्यासकट सगळ्या टबवर घालायची. उजेडाची रेघही बाहेर येऊ नये म्हणून कडा नीट खोचायची. मला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. गोधडी उचलली तर आतून वाफ आली. पाणी कोमट झालं होतं. मुळं तपकिरी पडून बोटांना चिकटत होती आणि वास मारत होती.

"बंद नाही केला," आई लगेच म्हणाली.

मी रडतेय हे बघून पप्पा उठून बसले. त्यांनी टब पाहिला, आईच्या हातातली गोधडी पाहिली.

"मला सांगायचं ना. मी काय, कुठंही झोपतो."

त्या संध्याकाळी मी नवं बी टाकलं. दुसऱ्या दिवसापासून पप्पा चटई घेऊन गच्चीवर टाकीच्या सावलीत जायला लागले. ती सावली सरकते तशी चटई सरकवावी लागते. खाली टेम्पोंचे हॉर्न चालूच असतात. एकदा जेवताना घास हातातच राहिला आणि त्यांना डुलकी लागली.

"पप्पा, खाली झोपा. मी सरांशी बोलते."

"काय बोलशील? बाप झोपतो म्हणून रोपं मेली?"

दिवा आता दिवसभर उघडा जळतो. रोपांना पोपटी पानं फुटली आहेत, पण फार लहान आहेत. प्रॅक्टिकलपर्यंत ती दाखवण्याएवढी होतील का, मला माहीत नाही. बहुतेक नाही होणार. हे मी पप्पांना सांगितलेलं नाही. सकाळी जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की मी दार उघडते, आणि डबा घेताना आधी त्यांची बोटं बघते. जेवण झालं की ते चटई उचलून वर जातात. मी दिवा लावते.