शेवटी बोलणाऱ्याचा फायदा

चेन्नईतल्या पहिल्याच वर्षी मी पोकर शिकलो, तेही ऑनलाइन, खोट्या चिप्सवर. तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये खोली होती. मॅन्शन म्हणजे आमच्यासारख्या सड्याफटिंगांचं खुराडं. खाली ब्राउझिंग सेंटर. ऑफिसातून आलो की मी तिथं बसायचो आणि इतका भरभर हरायचो की शेजारी परीक्षेचे निकाल बघायला आलेली मंडळी माझ्याकडं सहानुभूतीनं बघायची.

कारण उघड होतं. मी लहानपणापासून रमी खेळलेला. जुळेल, जुळेल म्हणत पत्ता छातीशी धरून बसायची खोड. शेवटी एका वेबसाइटवर नवशिक्यांसाठी धडे सापडले. बहुतेक वेळा पत्ते बघायचे आणि मुकाट्यानं टाकून द्यायचे. आपल्या आधी बाकीच्यांना बोलू द्यायचं, कारण जो शेवटी बोलतो त्याला सगळ्यांचा अंदाज आलेला असतो. आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. ऑनलाइन माझा चेहरा कुणाला दिसणार होता? तरीही मी रोज दाढी करताना आरशात निर्विकार चेहऱ्याची तालीम करायचो. खोलीतल्या सोबत्यानं एकदा काळजीनं विचारलं, पोट बिघडलंय का?

पण माझं हरणं कमी झालं, आणि डोक्यात हवा गेली. जगण्याचंच गुपित हाती लागलंय असं मला वाटायला लागलं.

त्याच सुमारास आमच्या अकाउंट्समधल्या एका तंजावरी मराठी गृहस्थांनी मला घरी बोलावलं. त्यांची मुलगी शाळेत गणित शिकवायची. आई फोनवर म्हणाली, "आधी तू बघून ये. पसंत पडली तर आम्ही येतो."

"या, बैसा. कापी घ्या," गृहस्थ म्हणाले. पुढ्यात केसरी, म्हणजे आपला शिरा, आणि भजी आली. इकडं हे दोन पदार्थ एकत्र आले की कार्यक्रम कसला ते सांगावं लागत नाही. मुलगी समोर बसली. तुम्ही लोक मराठी इतकी घाईघाईनं का बोलता, बस चुकणार आहे का, असं तिनं त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं आणि स्वतःच हसली. मला ती तिथल्या तिथं आवडली. कान गरम झाले. आणि मी काय केलं? आरशातला चेहरा काढून बसवला.

"तुम्हांस काय आवडतं?" वडिलांनी विचारलं.

"तसं विशेष काही नाही," मी म्हणालो. केसरी अर्धीच खाल्ली, फार हावरा दिसू नये म्हणून.

निघताना मी चपला घालेपर्यंत ते दारात थांबले. मुलाकडच्यांनी "घरी बोलून कळवतो" म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी गप्प. आधी त्यांना बोलू दे! आईलाही सांगितलं, बघू, त्यांच्याकडून काय येतं ते.

काहीच आलं नाही. ऑफिसात भेटले की ते उकाड्याबद्दल बोलायचे, आणि मी मनात म्हणायचो, दम धर, आता बोलतील.

एका दुपारी ते लाडवांचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. मुलीचं ठरलं होतं. मुलगा गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात इंजिनिअर. "केसरी मागून घेतली त्यानं," ते कौतुकानं म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तिच्या मनात तुम्हीच होतां. वाट बघितली तिनं. पण तुमचं तोंड बघून तिला वाटलं, ह्यांस नको."

पोकरमध्ये आपण पत्ते टाकले की समोरच्याच्या हातात काय होतं ते दाखवत नाहीत. त्या खेळात तेवढी दया आहे.

मी लाडू उचलला. अभिनंदन म्हणालो, बहुधा. चेहरा जागेवर ठेवायची फार खटपट केली, पण इतक्या दिवसांची तालीम नेमकी तेव्हाच दगा देऊन गेली असावी. कारण ते बघत राहिले, आणि डब्याचं झाकण हळूच लावत म्हणाले, "अय्यो, हेंच तोंड तेव्हां का नाही दाखवलंत?"