घाबरायचं नाही म्हणणारा साहेब

“आजी, घाबरायचं नाही!” साहेब खालून ओरडला.

“मी कुठी भेऊन राह्यली? लोंबकळून तं तुमी राह्यले!” मी वरून म्हटलं.

खरंच लोंबकळत होता. करवत्या डोंगराच्या धारेवरून पाय घसरला आणि तो कड्याच्या बाजूला कोळ्यासारखा फिरू लागला. खाली चार पुरुष खोल नुसता खडक. चष्मा आधी गेला, मागून कॅमेरा गेला. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला होतं, दुसरं माझ्या हातात.

कापसाच्या त्या पडत्या वर्षांत आमच्याकडे एकच पीक जोमात आलं, ते साहेबांचं. कोणी फोटो काढायला यायचं, कोणी आमच्या तोंडाकडे बघून मान हलवायला. तुम्हीही तेव्हा असे पाहिले असतील. हा यवतमाळहून यायचा. गावाला धीर देणं हे त्याचं काम. माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचा, म्हणून सांगताना अरे-तुरे करते. बोलण्याआधी खिशातलं पेन चाचपायचा आणि कागदावरचं विचारायचा, “झोप लागते का? भूक लागते का?”

“भूक लागते म्हणून तं पेरतो, बापा.”

“घाबरायचं नाही,” तो म्हणायचा आणि कागदावर खूण करायचा.

माझ्या शेजारणीनं धनी गेल्यापासून जेवण टाकलं होतं. वाळून काडी झाली होती. तिलाही त्यानं हेच विचारलं. तिनं दार लावून घेतलं. त्यानं बंद दाराला सांगितलं, “घाबरायचं नाही,” आणि खूण केली.

दिवाळीच्या आधी वरून हुकूम आला. डोंगर चढला की माणसाचं मन खंबीर होतं, तरी चाळीस जणांना करवत्यावर चढवा. दोर आला, लाल टोप्या आल्या. दिवस मात्र नेमका सीतादहीचा धरला. पहिल्या वेचणीला आम्ही वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतो, मगच कापसाला हात लावतो. त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही. पण हे ऑफिसातल्यांना कोण सांगणार?

मी सापडले, कारण चाळीस जणांचा स्वयंपाक माझ्याकडे होता. साहेब रिकाम्या शाळेसमोर टोप्या मोजत उभा.

“आजी, निदान तुम्ही तरी चला. वरचा एक फोटो लागतो.”

मला हसू आलं. त्या धारेवर मी दर आश्विनात सीताफळं आणायला जाते.

टोपी घातली नाही, पदर पुरे होता. चपला काढून कमरेला खोचल्या आणि पुढे झाले. तो मागून बूट वाजवत शिकवत होता, “तीन ठिकाणी पकड ठेवा, मगच उरलेला हात नाहीतर पाय हलवा. आणि दोर कमरेलाच बांधायचा, आजी. कमरेलाच!”

मी हो म्हटलं. धार जिथं अरुंद होते तिथं तो कॅमेरा काढायला वळला, तेवढ्यात मी माझ्या कमरेचा दोर सोडला आणि धावड्याच्या बुंध्याला दोन वेढे दिले. विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरवतात तेव्हा देतात, तसे. भार झाड घेतं, आपण फक्त टोक सोडायचं नाही.

“हसा, आजी,” म्हणत तो एक पाऊल मागे सरकला. मागे डोंगर नव्हता.

“साहेब, गोटा धरा! पाय लावा!”

दोर खडकावर घासत होता. माझे तळवे सोलले.

“आजी,” तो हळूच म्हणाला, “मला भीती वाटतेय.”

“वाटू द्या. भेलेला माणूस गोटा घट्ट धरते. धरा!”

धरला. तो वीतभर चढला की मी वीतभर दोर ओढून घ्यायची. वर आला आणि पालथा पडून राहिला. मी सीताफळ फोडून हातात दिलं. बियांसकट गिळायला लागला, तेव्हा पाठीत धपाटा घालून थुंकायला लावल्या.

पुढच्या खेपेला त्यानं कागद आणला नाही. शेजारणीच्या ओट्यावर बसला आणि दाराकडे बघून म्हणाला, “बाई, परवा मी कड्यावर लटकलो होतो. फार घाबरलो होतो.”

दार उघडलं. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“मले बी भेव वाटते,” ती म्हणाली.

त्याला ‘घाबरायचं नाही’ म्हणता आलं असतं. म्हणाला नाही. नुसता बसून राहिला. मी दोघांपुढे सीताफळं ठेवली. त्याच्या जोडीनं तिनं एक खाल्लं. मग दुसरंही.

अहवालात त्यानं खरं लिहिलं, चढणारी एक, पडणारा एक. वरून कागद परत आला आणि मागोमाग त्याची बदली. जाताना माझ्याकडे आला, पेन चाचपलं आणि गेला. पुन्हा दिसला नाही.

त्याच्या जागी आलेल्या साहेबानं मला छापील पुस्तिका दिली. मी चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचली. करवत्या डोंगरावर चाळीस जण चढले आणि सर्वांचं मन खंबीर झालं, असं तिच्यात आहे.

चाळीस नव्हते. आम्ही दोघं होतो. दोघंही जिवंत उतरलो, आणि शेजारीणही जगली.