काठावरची हाक

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं ताई चारचौघांत सांगते. तिची एक गोष्ट मी इतकी वर्षं पोटात ठेवली, ते मात्र सांगत नाही.

ताई शिवणकाम करते. तिचं डावं मनगट मोडून वाकडं जुळलंय, तरी कापड असं धरते की टाका हलत नाही. मनगटाचं विचारलं की म्हणते, "जिन्यावरून पडले." पुढे विचारायची सोय नाही.

आमच्या घरामागे दलदल होती, माणूस बुडेल एवढी उंच लव्हाळी. तिथे चकवा आहे, तो वाट विसरायला लावतो, आणि काठावरून घरच्या माणसाने हाक मारली तरच सुटका होते, असं सगळे मानत. भावजी त्या बाजूला गेले आणि परतले नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांनीच ठरवून टाकलं, चकवा लागला. ताई नाही म्हणाली नाही. माझा भाचा तेव्हा जेमतेम चालत्या-बोलत्या वयाचा. त्याला निजवताना ती सांगायची, "मी खूप हाका मारल्या रे. त्यांना ऐकूच गेल्या नाहीत."

खरं काय ते मी तिच्याशेजारी उभी राहून पाहिलं होतं. भावजी बॅग घेऊन बांधावरून पलीकडच्या रस्त्याला लागले. ताईने चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, मानी बाई, विनवण्या करणार नाही.

मोठा होऊन भाच्याने त्याच गोष्टीवर आपला पहिला सिनेमा काढला. भुताचा. शेवटी बायको काठावरून हाक मारते, ती त्याला नटीच्या आवाजात पटेना. म्हणून त्याने आईलाच रेकॉर्डिंगच्या खोलीत उभं केलं. "तेव्हा मारली होतीस तशीच मार. नुसतं 'अहो' म्हण." मी कोपऱ्यात स्टुलावर होते. बापाला देव मानणारं पोर ते.

पडद्यावर लव्हाळ्यातून चालत जाणारी पाठ दिसली. ताईने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. चित्र मागे नेलं. पुन्हा तीच पाठ, पुन्हा काही नाही.

"सर्दी झालीये तिला," मी ठोकून दिलं.

"मावशी, तू जरा गप्प बस," काचेपलीकडून भाचा म्हणाला. "आई, घाई नाही."

ताईने वाकड्या हाताने माइकचा दांडा धरला. "मी हाक मारलीच नव्हती," ती म्हणाली. "तुझे बाबा हरवले नाहीत. बॅग घेऊन, दिवसाढवळ्या, आपल्याला सोडून गेले."

रेकॉर्डिंगवाला बुटांकडे बघत बसला. भाच्याने विचारलं, "मारली असतीस तर वळले असते?"

"वळले असते. म्हणून तर नाही मारली."

तो तिच्या मनगटाकडे बघायला लागला. मीही. स्वतःला मोठी चाणाक्ष समजणारी मी, आणि त्या जिन्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाचा निघून गेला. नंतर त्याचा फोन नाही, निरोप नाही. ताई मशीनवर बसायची आणि शिवलेलंच उसवून पुन्हा शिवायची. "पोर गेलं गं माझं," एवढंच एकदा म्हणाली. मी चहा टाकला.

सिनेमा लागला त्या दिवशी मात्र तो दारात उभा. आत आला नाही. "चला," म्हणाला. थिएटरात ताईच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी.

शेवट आला. पडद्यावरचा माणूस लव्हाळ्यात थांबला आणि त्याने मागे वळून पाहिलं. काठावर बायको उभी. हाक कुठेच नाही, नुसता वारा. थिएटरात कोणी खोकेनासुद्धा. तो माणूस बघतोय, ती बघतेय.

मागच्या रांगेतल्या एका बाईला राहवलं नाही. "अगं, हाक मार ना त्याला," ती पुटपुटली.

भाच्याने ताईचं डावं मनगट हातात घेतलं. "नाही मारणार ती," तो हळूच म्हणाला.