खोडलेलं विरजण

गोंदियाहून सकाळच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवीत दोनच वस्तू होत्या: एक टॉवेल आणि रामटेकेच्या नाकासमोर धरायची बाटली. बाटलीत माझ्या गॅसटाकीतला आंबलेला घोळ होता. भांडायला जाताना पुरावा सोबत असावा.

मी आलूबोंडे तळून वर आलेला माणूस आहे. हातगाडीपासून सुरुवात केली, आता गावातल्या कितीतरी दुकानांना नाश्ता माझ्या भट्टीवरून जातो. पण भांडी धुतलेल्या पाण्यातला ओशट थर नालीत गोठला, नाली तुंबली आणि नगर परिषदेची नोटीस आली: महिन्याभरात बंदोबस्त करा, नाहीतर स्वयंपाकघराला सील. मी तो ओशट थर ड्रममध्ये काढायला लागलो आणि रायपूरच्या रामटेकेकडून टाकी बांधून घेतली. बंद टाकीत, हवा न लागता, ओशट सडतं आणि त्यातून चुलीला गॅस मिळतो, असं त्याचं म्हणणं. मला मिळाला नुसता फेस. ड्रम भरत चालले होते. टाकी परत घ्यायला लावायची, हे ठरवूनच निघालो होतो.

दर्रेकसाच्या बोगद्यात बाटलीचं बूच उडालं. अंधारात आधी आवाज झाला, मग वास पसरला. उजेड आला तेव्हा समोरच्या माणसाने नाकाला रुमाल लावलेला होता आणि तो माझ्याकडेच बघत होता. डोंगरगडला देवीच्या दर्शनाहून परतणारं एक कुटुंब डब्यात चढलं आणि तसंच खाली उतरलं. टॉवेल मी राजनांदगावला टाकून दिला. अर्धी बाटली वाचली होती. माझ्या कामाला तेवढी पुरे होती.

रायपूर स्टेशनाबाहेर ऑटोवाल्याने सांगितलेलं भाडं मी निम्म्यावर आणलं आणि आणखी खाली खेचत होतो, तर तो म्हणाला, "भैया, ऐसा करो, आप ही चला लो। मैं पीछे बैठता हूँ।"

बसलो गुपचूप. तेलीबांधा तलावाच्या काठाने गेलो. पाण्यावर ऊन चमकत होतं, पलीकडे उंच इमारती, काठावर डोक्याला रुमाल बांधून चालणारे लोक. एरवी थांबलो असतो. त्या दिवशी मनात नुसती भांडणाची वाक्यं जुळत होती.

रामटेके रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला वेल्डर. आजोबा भंडाऱ्याकडून आलेले, त्यामुळे घरात अजून आपली बोली आहे. दारातच म्हणाला, "जय भीम, शेठ. या. चाय घेता?"

"चाय मंग. आधी हे घ्या."

त्याने बूच काढून शांतपणे वास घेतला. "आंबलं."

"टाकीच खोटी आहे तुमची. परत घ्या."

"टाकी नाही आंबत जी, टाकीतलं आंबते. चला, एक टाकी दाखवतो."

त्याने मला तलावामागच्या एका छोट्या भोजनालयाच्या परसात नेलं. माझ्यासारखीच हिरवी टाकी. शेजारच्या शेगडीवर निळी ज्योत फुरफुरत होती आणि तिच्यावर फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) शिजत होता. मी कुठे सिलिंडर लपवलाय का ते पाहिलं. मग पाइपाला हात लावून शेगडीपासून टाकीपर्यंत चालत गेलो. मधे काही नव्हतं.

स्वयंपाक आणि टाकी दोन्ही सांभाळणारी सुखमतीदीदी हसत होती. "मिल गया सिलिंडर, भैया?"

तिने भाज्यांच्या सालींची आणि शेणाची बादली टाकीत ओतली. वरून कोमट केलेलं ओशट, एकच पळी.

"एवढंच?" मी म्हणालो. "मी तर ड्रमच्या ड्रम ओततो."

"पहिले दिन से?"

"हव (हो), पहिले दिन से."

"और जामन? जामन कहाँ से लाए थे?"

जामन म्हणजे विरजण. मी रामटेकेकडे पाहिलं.

"पोट आहे जी ते," तो म्हणाला. "आत जंतू राह्यते, तेच गॅस करते. ते चालू टाकीतून आणा लागते, दह्याच्या विरजणासारखे. ओशटात गॅस लय, पण हळूहळू चारा लागते. पहिल्याच दिवशी लेकराले आलूबोंडा चारता काय?"

"मंग हे मले काहून नाही सांगितलं?" मी ओरडलोच. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघायला लागली.

रामटेकेने खिशातून घडी केलेला कागद काढला. कामाच्या यादीची त्याची प्रत. टाकी, पाइप, शेगडी. त्याखाली दोन ओळी: 'चालू टाकीतला घोळ, विरजणासाठी' आणि 'टाकी चारणं शिकवायला तीन फेऱ्या'. दोन्ही निळ्या पेनाने खोडलेल्या. इतक्या जोरात की कागद फाटला होता. शेजारी सही माझी.

आठवलं. घासाघीस करताना मी हसलो होतो: शेणाच्या पाण्याचे कसले पैसे? टाकीला काय शिकवणी लावायची?

"मी सांगून राहिलो होतो," रामटेके म्हणाला. "तुम्ही ऐकून राहिले होते काय?"

"मंग काम सोडायचं होतं तेव्हाच!"

"सोडाले पाह्यजे होतं," तो खाली बघत म्हणाला. "मलेबी काम पाह्यजे होतं."

दीदीने दोघांसमोर फऱ्याच्या ताटल्या ठेवल्या, सोबत टमाट्याची तिखट चटणी. तळण नाही, तेलाचा थेंब नाही. आयुष्यभर तळलेलं विकणारा मी, निमूट तीन वेळा मागून खाल्लं. मग तिथले दुधाचे दोन मोठे कॅन दाखवून विचारलं, "इतना जामन दोगे? बोलो, क्या लोगे?"

तिने मी शिवी दिल्यासारखं पाहिलं. "जामन का कोई पैसा लेता है? पड़ोसी माँगे तो देते हैं। बस, बर्तन खाली मत लौटाना।"

मी रामटेकेचं पेन घेतलं आणि खोडलेल्या ओळींखाली पुन्हा लिहिलं: तीन फेऱ्या. दोन म्हणणार होतो. जीभ चावली.

परतीच्या गाडीत कॅनच्या तोंडाला फडकी बांधली होती, झाकण घट्ट लावायचं नाही म्हणून. या घोळाला ओल्या मातीसारखा वास होता. कुणी उठून गेलं नाही. दुर्गला चढलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "दूध है?"

"जामन."

"इतना? क्या जमाओगे?"

"आग," मी म्हणालो.

घरी अर्धी टाकी उपसली, आंबटपणा मारायला चुन्याची निवळी घातली, मग विरजण. आठवडाभर टाकीला उपास. रामटेके पहिल्या फेरीला आला आणि मोजून अर्धी पळी चारून गेला. ड्रमकडे बघून माझा हात शिवशिवायचा; पळी मी बायकोच्या ताब्यात दिली. नोटिशीची मुदत संपायला तीन दिवस असताना शेगडीत निळी ज्योत धरली, नखाएवढी. नगर परिषदेचा माणूस आला, नाली बघितली, ज्योत बघितली आणि चहा पिऊन गेला. चहा त्याच ज्योतीवर केला होता. वेळ लागला, पण उकळला.

राग गेला असं म्हणणार नाही. स्वस्तात मिळवलं म्हणून मी आजवर किती कागदांवर काय काय खोडलं असेल, हा विचार आला की अजून कानशिलं तापतात. पण आता ओरडायला समोर कुणी नसतं.

उद्या सकाळच्या गाडीने रायपूरला चाललोय. कॅन परत करायचे आहेत. भट्टी पहाटेच पेटवणार आहे. दोन कॅन भरायला आलूबोंडे बरेच लागतील.