आरशावरची चादर

मी शाळेत हिंदी शिकवते. इतकी वर्षं कवितांचे भावार्थ लिहून देऊन एक खोड लागली आहे. ओळ दिसली की मला तिच्यात आत्मा-परमात्मा दिसायलाच लागतात. त्यातून आमचं उज्जैन. इथे माणूस दोन दिवस गप्प बसला तरी लोक म्हणतात, वैराग्य आलं.

माझा धाकटा भाऊ गावातच, नानाखेडा भागात खोली घेऊन एकटा राहायचा. नोकरी सांभाळून रॉक बँडमध्ये गातो. मागच्या गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळात त्यांचा कार्यक्रम झाला. गाणं त्यानंच लिहिलेलं, हिंदीत. एक घर आहे. घड्याळ बंद पडलंय, आरशावर चादर टाकलीय, कोणीतरी दार वाजवतंय आणि आत कोणीच नाही. शेवटी सगळी वाद्यं थांबली आणि तो नुसता कुजबुजला, ‘कितना सुकून है.’ माझ्या अंगावर काटा आला.

पुढे बसलेली वडीलधारी मंडळी त्या दणदणाटानं वैतागली होती. त्यांना समजावून सांगायला मीच माइक हातात घेतला. घर म्हणजे देह, घड्याळ म्हणजे काळ, आरसा म्हणजे अहंकार. सगळं सुटलं की उरते ती शांती. टाळ्या पडल्या. एक काकू म्हणाल्या, “अगं, तुझा भाऊ तर साधूच निघाला!” मी फुगून गेले. तो स्टेजवर गिटारची वायर गुंडाळत माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर आठवडाभर त्यानं फोन उचलला नाही. रविवारी दुपारी मी डबा घेऊन गेले. बराच वेळ दार वाजवलं. आतून हूं नाही की चूं नाही. ढकललं तर दार नुसतंच लोटलेलं होतं. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारवर थांबलेलं. आरशावर भैरवगढच्या छापाची चादर, मीच दिलेली. पलंगावर तो दाराकडे तोंड करून बसला होता, डोळे उघडे.

“अरे, केव्हाची वाजवतेय! ऐकू नाही आलं?”

“आलं ना,” तो शांतपणे म्हणाला. “मला वाटलं, गाण्यातलंच आहे.”

त्या गाण्यात एकही प्रतीक नव्हतं. त्यानं आपली खोली जशीच्या तशी लिहिली होती, आणि आत कोणी नाही हेही. डबा खाली ठेवून मी सरळ विचारलं, “तुला मरावंसं वाटतं का रे?”

त्यानं मान हलवली. हो म्हणून.

ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. रविवार असूनही ते लगेच घेऊन या म्हणाले. रिक्षात मी त्याचा हात घट्ट धरून बसले होते. देवास गेटच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा तो पहिल्यांदा आपणहून बोलला.

“त्या दिवशी तू माइक घेतलास ना ताई, मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, चला, ताईला कळलं.”

आता त्याची औषधं चालू आहेत, तो माझ्याकडेच राहतो. काकू अजून विचारतात, साधूमहाराज कसे आहेत? मी सांगते, आजारी आहे, बरा होतोय.