सूचीबाईंच्या शेजारची जागा

सूचीबाई पुस्तक नेहमी मागच्या बाजूनं उघडायच्या. आधी शेवटची सूची, मग संदर्भ, मग अनुक्रमणिका. पहिलं पान सगळ्यात शेवटी. हिमायतनगरच्या आमच्या कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या. तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, सूचीबाई हे नाव पाठीमागचं. "आधी विचार, तुला हवं ते यात आहे का. नसेल तर ठेव परत. कायकू वेळ घालवायचा?" असं त्या म्हणायच्या.

पहिल्या वर्षी मुसी नदीवर प्रकल्प लिहायचा होता. वर्गातल्या बहुतेकांनी मोबाइलवरून एकच मजकूर उतरवला होता, चुकांसकट. सूचीबाईंनी एकाला विचारलं, "हे कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "इंटरनेटनं." "इंटरनेट राहतं कुठं? अफझलगंजला? नदीत उतरून बघून आलं का?" वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत. कोणी स्वतः पाहिलं, कोणी ऐकून लिहिलं आणि कोणी नुसतं छापलं, हे वेगळं करेपर्यंत त्यांनी आमचा एकही कागद पुढे जाऊ दिला नाही. मी त्याच दिवशी त्यांच्या प्रेमात पडले.

आणि त्याच आठवड्यात ऊर्मिला माझ्या डोळ्यांत खुपायला लागली.

ऊर्मिलाचं घर शेतकऱ्यांचं, नुकतंच शहरात आलेलं. शाळा तेलुगूतून, मराठी वाचायची ती अडखळत. तिनं काही विचारलं की सूचीबाई स्टूल ओढून तिच्या शेजारी बसायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या, तिचं बोट स्वतःच्या हातात धरून ओळीवरून फिरवायच्या. "हल्लू हल्लू. गाडी सुटत नाही आपली." दुपारच्या डब्यातली गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणीसुद्धा तिच्याच पोळीवर पडायची. समोरच्या टेबलावर मी माझी कोरडी पोळी चावत बसायची.

मला मात्र त्या हनुवटीनं कपाट दाखवायच्या. "तिकडं. तुझं तू बघ." आमच्या घरात आजोबांपासून सगळे वकील, पुस्तकांत वाढलेली मी, मला वाटायचं, या बाईंना मीच आवडायला हवी. जुन्या विहिरींवर मी इतकं शोधून आणलं की आमच्या सरांनी वर्गात वाचून दाखवलं. सूचीबाईंनी कागद चाळले, "हौ, बरोबर आहे" म्हणाल्या आणि ऊर्मिलाकडे वळल्या. मी जळफळत आबिड्सपर्यंत चालत गेले. बसची आठवणही झाली नाही.

शेवटी मी वेड पांघरायचं ठरवलं. मुद्दाम चुकीच्या कपाटासमोर जाऊन उभी राहिले. उसासे टाकले. एक पुस्तक उलटं धरलं. आता येतील, स्टूल ओढतील, म्हणून कान मागे लावून थांबले. लांबून आवाज आला, "नाटक नक्को. तुला येतं." सगळ्या वाचनालयानं माझ्याकडे वळून पाहिलं. ऊर्मिलानंसुद्धा.

पुढे मी संशोधनाला लागले. आजही एखादं विधान समोर आलं की आधी ते कुठून आलं हे बघते. लोक माझ्या चिकाटीचं कौतुक करतात. ते सगळं सूचीबाईंचं आहे, हे मी कबूल करते, जरा तोंड वाकडं करूनच.

यंदा सूचीबाई गेल्या. त्यांच्या घरी भेटायला गेले, तर ऊर्मिला आधीच तिथे स्वयंपाकघरात, घरच्यासारखी सगळ्यांना चहा देत होती. माझ्या हातात कप ठेवून ती शेजारी बसली.

"तुला माहीत नसेल," ती म्हणाली, "मॅडम मला सारख्या तुझंच सांगायच्या. म्हणायच्या, त्या पोरीला एकदा दिशा दाखवली की झालं. तिची काळजी नाही मला. अगं, काय जळायचे मी तुझ्यावर! मला कधी असं म्हणतील, याची वाट बघायचे."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांचा माझा राग खोटा ठरला होता, आणि तोही विश्वासार्ह साक्षीदाराकडून. पण मला बरं वाटलं नाही. कपाळावर चष्मा चढवलेल्या त्या बाईंच्या हाताचा स्पर्श कसा होता, ऊबदार की खरखरीत, हे शेजारी बसलेल्या ऊर्मिलाला माहीत होतं. ते मला तिला विचारावं लागलं असतं. मी विचारलं नाही.