काठातला पिवळा दोरा

सुरतेला पोस्टिंग आलं तेव्हा मी कॅप्टन होते. नव्वदचं दशक होतं. बायकांना लष्कराच्या ऑर्डनन्स विभागात अधिकारी म्हणून घेऊ लागून फार काळ झाला नव्हता. काम सरळ होतं. बर्फातल्या तंबूंचं नायलॉन कापड एका खाजगी कारखान्यात विणलं जाई. ते तपासायचं आणि शिक्का मारायचा. सोबतीला गढवालचे हवालदार रावत होते.

त्याआधीच्या हिवाळ्यात मी उत्तरेतल्या एका डेपोत होते. तिथे एका चौकीवरून फाटका तंबू परत आला. वादळात तो उभा फाटला होता आणि आतले दोन जवान थंडीने गेले होते. लान्स नाईक मारुती खोत आणि सिपाई बलवंत सिंग. तंबूची नोंद मी घेतली. शिवणीच्या दुमडीत, कापडाच्या काठाला पिवळा दोरा दिसला, तोही लिहिला. चौकशीत कारण ठरलं 'हवामान'. फायलीवर 'गोपनीय' असा शिक्का पडला आणि विषय संपला.

सुरतेतला पहिला लॉट मी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच नापास केला. कापड ताणलं की वीण सरकत होती. प्रत्येक ताग्याच्या टोकावर लाल शिक्का मारून माल परत पाठवला.

पावसाळ्यात कारखान्याने 'नवा' लॉट आणला. बर्फाने खिंड बंद होण्याआधी तंबू वर पोचायला हवे होते, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. वरचे तागे उत्तम निघाले. मॅनेजर चहाचे कप घेऊन हजर.

"मॅडम, बध्धो नवो माल छे. ठप्पा मारो ने."

"रावतजी, नीचे से निकालिए."

तागे उतरवायला मागांवरचे कारागीर बोलावले होते. एकाच्या पायावर तागा येणार होता. मी ओरडले, "अहो, पाय सांभाळा!" त्याने चमकून पाहिलं.

"ताई, कुठल्या तुम्ही?"

"धुळ्याची."

हा सुकलाल पाटील. सुरतेतल्या खानदेशी वस्तीत, नवागामात राहायचा. तो वाकला, ताग्याचा काठ माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाला, "हाई कापड नवं नही, ताई. आखाजीना पह्यलेनं शे. पिवया दोरा देख."

त्या कारखान्यात पाळी बदलली की कारागीर काठात रंगीत दोरा घालत. आपण विणलेलं कुठवर, ते कळावं म्हणून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशी माणूस गावी जातोच. माग बंद पडतात. परत आल्यावर मागांवर दिवस-रात्र पाळीच्या कारागिरांच्या नव्या जोड्या बसतात आणि दोऱ्याचा रंग बदलतो. आदल्या सालभर पिवळा होता, आता निळा. मालकाने लाल शिक्क्याची टोकं कापली होती. काठाकडे मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

मॅनेजर जवळ आला. "शुं कहे छे आ?"

"विणकाम चांगलं आहे म्हणतोय," मी म्हटलं.

मी तडक मागांच्या शेडमध्ये गेले. चालू असलेल्या प्रत्येक मागावर निळा दोरा. गोदामात खालच्या प्रत्येक ताग्यात पिवळा. आमच्या मेजरसाहेबांना फोन लावला. त्यांचं नाव इथे लिहीत नाही.

"लॉट पास करा, कॅप्टन."

"सर, हा नापास केलेलाच माल आहे. डेपोतल्या फाटक्या तंबूला हाच दोरा आहे."

"ती फाइल गोपनीय आहे. तिचा उल्लेख करायचा नाही."

"मग पास करायची ऑर्डर लेखी द्या, सर."

फोन ठेवला गेला. लेखी ऑर्डर आली नाही.

गोदाम सील करताना रावत म्हणाले, "मॅडम, साहब को बाईपास करेंगी तो नौकरी का एक्सटेंशन गया समझिए."

"समझ लिया. लाख लाइए."

काठाची पट्टी कापून, रिपोर्टला जोडून मी थेट मुख्यालयात पाठवली. मग नवागामात सुकलालच्या घरी गेले. त्याची बायको मथुराबाई भाकरी थापत होती. मी स्पष्ट सांगितलं, "साक्ष द्यावी लागेल. काम जाईल."

"काम तं जाईच," मथुराबाई म्हणाली. "पन हाऊ घरमा चूप बसस नही, तठे काय बसी?" मग भाकरी उलटत म्हणाली, "बरफमा झोपतस त्या बी कोनातरी पोऱ्या शेतस."

महिन्याभरात मुख्यालयाचं पथक आलं. येताना त्यांनी डेपोतला तंबू आणला होता. टेबलावर तंबूची शिवण उसवली आणि शेजारी तागा उलगडला. तीच वीण, तोच पिवळा दोरा. मॅनेजर घाम पुसत राहिला. पथकाच्या कर्नलनी सुकलालला विचारलं, "तुमचं नाव गुप्त ठेवायचं का?"

"कशाला साहेब? चोरी मी केली नाही. मोठं लिहा."

रावत गालात हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

कंत्राट रद्द झालं. त्या कापडाचे वर गेलेले सगळे तंबू बर्फ पडायच्या आत खाली आले आणि दुसरे चढले. त्या हिवाळ्यात एकही फाटला नाही. फायलीतलं 'हवामान' खोडून 'निकृष्ट कापड' लिहिलं गेलं. दोन्ही जवानांच्या घरी तसं कळवलं. मेजरसाहेबांना जाब द्यावा लागला.

सुकलालला बराच काळ कुठल्याच शेडने दारात उभं केलं नाही. मथुराबाई घरी साड्यांना टिकल्या चिकटवून घर चालवत होती. शेवटी सुरतेतल्याच गोडादऱ्यात एकाने त्याला माग दिले. मला एक्सटेंशन मिळालं नाही. कॅप्टन म्हणून आले होते, कॅप्टन म्हणूनच गणवेश उतरवला. तक्रार नाही. तंबू उभे राहिले.

पुढच्या आखाजीला सुकलाल आणि मथुराबाई गावी गेले नाहीत. मला जेवायला बोलावलं. घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावाने आखाजीला घागर भरतात. सुकलालच्या वडिलांच्या घागरीशेजारी आणखी दोन होत्या. दोन्हींच्या गळ्यात पिवळा दोरा.

"त्यास्ना नाव सांग, ताई," मथुराबाई म्हणाली.

"मारुती खोत. बलवंत सिंग."

तिने दोन्ही नावं घेऊन पाणी सोडलं. घागरींवर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, आंबे ठेवले. मग गोड सांजोऱ्यांच्या ताटाशी थांबली.

"सिंगसाहेब सांजोरी खातस का?"

"खात असतील."

"मंग ठेवस," ती म्हणाली, आणि दोन ठेवल्या.